बजेट २५ हजार, खोली दहा बाय दहा: बाबांचे अभंग घरीच रेकॉर्ड करायचेत

दुपारचा_पाऊस

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. एसटीत कंडक्टर होते, पण आयुष्यभर भजनी मंडळात गायले, स्वतःच पेटी वाजवतात आणि गातात. पट्टी पांढरी दोन. आवाज अजून छान आहे पण दम कमी पडायला लागलाय हे माझ्या लक्षात येतंय, ते कबूल करत नाहीत ती गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे असे काही अभंग आणि गौळणी आहेत ज्यांच्या चाली त्यांच्या गुरूंकडून आलेल्या, कुठेच लिहिलेल्या नाहीत, मंडळातले बाकीचे जाणकार एकेक करून गेले. तर ते सगळं नीट रेकॉर्ड करून ठेवायचंय. स्टुडिओत न्यायचा प्रयत्न केला होता, काचेपलीकडून कोणीतरी "काका, रेडी?" म्हणालं की बाबांचा गळाच बसतो. म्हणून घरीच.

आम्ही चिंचवडला दुसऱ्या मजल्यावर राहतो, खोली दहा बाय दहा, एका बाजूला रस्ता. बजेट २५ हजार, फार तर २६. व्हिडिओ बघून बघून यादी केली ती अशी: कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा) माईक, इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायची डबी), रेकॉर्ड केलेलं तपासून ऐकायला पाच इंची मॉनिटर स्पीकरची जोडी, भिंतीला लावायच्या फोमच्या २४ लाद्या. बेरीज ४८ हजारांच्या वर गेली. त्याआधी शहाणपणा करून नऊशे रुपयांचा एक "स्टुडिओ कंडेन्सर" ऑनलाइन मागवला होता, त्याची पिन हेडफोनसारखी, लॅपटॉपला लावला तर बाबांच्या आवाजापेक्षा सूंऽऽ जास्त. आता काय कापू आणि काय ठेवू?

फुकट_फौजदार

ताई, फोन आहे ना? त्यावर करा. आजकालचे फोन जबरदस्त आहेत. २५ हजारांत बाबांना पंढरपूर, देहू, आळंदी फिरवून आणा.

खर्जातला

फौजदार, निम्मं बरोबर आहे तुमचं, उरलेल्या निम्म्यावर खाली येतो.

पाऊस ताई, मी वीस वर्षं हेच काम करतोय, आधी दुसऱ्यांच्या स्टुडिओत आणि आता घरी. तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी आत्ता लगेच खोडा: मॉनिटर स्पीकर आणि फोमच्या लाद्या. दहा बाय दहाच्या रिकाम्या खोलीत पाच इंची स्पीकर लावलेत तर तुम्हाला स्पीकर ऐकू येणार नाहीत, खोली ऐकू येईल. त्यापेक्षा बंद कपांचा एक हेडफोन घ्या, ऑडिओ टेक्निकाचा एम२०एक्स किंवा त्या तोडीचा, पाचेक हजारांत काम होतं. ब्लूटूथवाला नको, त्यात आवाज उशिरा पोचतो.

फोमबद्दल. एक इंची फोम फक्त वरचा चिरका आवाज खातो, खालच्या घुमाऱ्याला तो दिसतसुद्धा नाही. परिणाम काय, तर खोली आणखी घोगरी वाटते. आणि फोमने बाहेरचा आवाज अडत नाही हे तर कितीदा सांगायचं! आवाज अडवायला वजन लागतं, भिंत लागते, दाराच्या फटी बुजवाव्या लागतात. अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला कोणी दिला तर त्याला अंडी खायला सांगा, ट्रे नुसता कागद आहे आणि पेट लवकर घेतो.

आता तुमच्या खोलीची खरी अडचण. दहा फूट म्हणजे तीन मीटर आणि वर थोडं. एवढ्या अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपास आवाजाची एक लाट अडकते आणि तिची दुप्पट ११२-११४ च्या आसपास. लांबी-रुंदी सारखीच असल्यामुळे दोन्हीकडून तीच लाट, म्हणजे दुप्पट त्रास. बाबांची पट्टी पांढरी दोन, त्यांचा षड्ज १४७ हर्ट्झला येतो, मग खालचा पंचम कुठे आला? ११० ला. म्हणजे बाबा मंद्र पंचमावर गेले की खोली त्यांच्याबरोबर गायला लागणार. तो एकच स्वर फुगलेला ऐकू येईल आणि तुम्ही माईकला शिव्या द्याल.

उपाय फुकट आहे. ही ११२ ची लाट भिंतीपाशी आणि खोलीच्या बरोबर मधोमध सगळ्यात जोरात असते, आणि भिंतीपासून अडीच फुटांवर जवळपास मरते. त्यामुळे बाबांना आणि माईकला मधोमध बसवायचं नाही, भिंतीला टेकवायचंही नाही, दोन्ही भिंतींपासून अडीच-तीन फूट सोडून बसवायचं. त्यांच्या पाठीमागे आणि कोपऱ्यात कापसाच्या गाद्या उभ्या करा, जितक्या जाड तितक्या चांगल्या. खाली सतरंजी असेलच. हे करा आणि मग फौजदारांच्या सल्ल्याने आधी फोनवरच रेकॉर्ड करून बघा, जागा बदलून बदलून. एक रुपया खर्च करायच्या आत निम्मा फरक पडतो की नाही सांगा.

अनुस्वार

+१ गाद्यांना. मी ऑडिओबुकं वाचते, नाशिकला, आणि माझा "स्टुडिओ" म्हणजे कपाटाची दोन्ही दारं उघडी टाकून साड्यांकडे तोंड करून बसणं. पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या. पाहुणे आले की आधी गोधड्या काढायच्या, नाहीतर घरात कोणी आजारी आहे का विचारतात.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. परदेशी व्हिडिओंत प आणि ब बद्दल बोलतात, पण मराठीत खरा उपद्रव फ, भ, ध, ठ चा आहे, श्वास सोडून म्हणायची अक्षरं. "विठ्ठल" म्हटलं की ठ ला हवेचा फटका बसतोच, आणि अभंगात विठ्ठल किती वेळा येणार ते तुम्हाला माहितीये. जाळीचा पॉप फिल्टर तीन-चारशेला मिळतो, तो लावा आणि माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता थोडा खाली किंवा बाजूला ठेवा म्हणजे हवा सरळ पुढे निघून जाते.

दुपारचा_पाऊस

खर्जातला, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. हर्ट्झचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मी रोज उगाच खिडकीपाशी सरकून बसतो का? मधे बसलं की पंचम अंगावर येतो." टेप घेऊन मोजलं. बाजूच्या भिंतीपासून दोन फूट आठ इंच, मागच्या भिंतीपासून तीन फूट.

खर्जातला

दंडवत सांगा त्यांना. माझी यंत्रं विका म्हणावं.

फुकट_फौजदार

म्हणजे फोनच बरोबर होता तर :)

खर्जातला

जागा शोधायला बरोबर. ठेव म्हणून जपायचं असेल तर नाही, आणि कारण माईकचा दर्जा हे नाहीच, फोनची हुशारी हे आहे. फोन बोलणं ऐकायला बनवलाय. आवाज बारीक झाला की तो आपोआप वाढवतो, मोठा झाला की दाबतो, म्हणजे बाबांनी मुद्दाम हळू घेतलेली ओळ आणि टिपेची ओळ सारखीच ऐकू येणार. आणि गोंगाट कमी करायची सोय चालू असेल तर एकसारखा लांबलेला सूर त्याला पंख्याची घरघर वाटते आणि तो ती पुसायला बघतो. तानपुरा लावून बघा कधी, मधूनच गायब होतो.

आता खरेदी. तुम्हाला दोन माईकची जागा असलेला इंटरफेस लागेल, एक गळा आणि एक पेटी. बेहरिंगरचा यूएमसी२०२एचडी बघा, नवा नऊ-दहा हजारांत येतो. फोकसराइटचा स्कार्लेट सोलो छान आहे पण त्यात माईकची जागा एकच. इंटरफेस वापरलेला घ्यायला हरकत नाही, त्यात झिजण्यासारखं फार नसतं, फक्त खटके-बटणं फिरवून खरखर येते का आणि दोन्ही इनपुट चालतात का ते तिथेच बघा.

माईक. सगळे कंडेन्सर-कंडेन्सर करतात, एटी२०२० सारखा माईक चांगलाच आहे, पण तो रस्त्यावरची रिक्षा, शेजारचा कुकर आणि खालच्या मजल्यावरची मालिका सगळं प्रेमाने टिपेल. उघड्या खोलीत डायनॅमिक घ्या, तो जवळचंच जास्त टिपतो. श्युअरचा एसएम५८ दहा हजारांच्या आसपास जातो, १९६६ पासून तेच मॉडेल चालू आहे यावरून काय ते समजा. बजेटमध्ये बसत नसेल तर बेहरिंगरचा एक्सएम८५०० दोन-अडीच हजारांत आहे, एसएम५८ नाही पण गळ्याला पुरतो. डायनॅमिकला ४८ व्होल्टचं फँटम (केबलमधून माईकला द्यायची वीज) लागत नाही, ते बटण बंद ठेवा. तुमचा नऊशेचा माईक द्या टाकून, आतली आवाज टिपणारी गोळी हेडसेटमधल्यासारखी असते, बाहेरचं डबडं फक्त स्टुडिओचं.

वायरमन

केबल एक्सएलआर-ते-एक्सएलआरच घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना माईकची तीन पिनांची गोल जोडणी. एका टोकाला जाड हेडफोनची पिन असलेली केबल दुकानदार स्वस्तात गळ्यात मारतात, ती घेतलीत की माईकची जागा सोडून गिटारच्या जागी जाते आणि हम (घुमणारा आवाज) येतो. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर पिना आणि वायर सुटी घेऊन समोर डाग देऊन घ्या, टिकते.

आणि आत्ताच सांगून ठेवतो, पहिल्या दिवशी घूंऽऽ असा आवाज येणार. आला की लॅपटॉपचा चार्जर काढा. थांबला तर दोष माईकचा नाही, बहुतेक अर्थिंगचा आहे. आपल्याकडे तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकात मागे वायरच नसते असं निम्म्या घरांत बघितलंय मी. वायरिंगवाल्याला बोलवून तपासून घ्या. चार्जरची अर्थची पिन मोडून टाका असला सल्ला व्हिडिओत असतो, तो ऐकू नका, जीव जाईल. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्तातला इन्व्हर्टरही किरकिर सोडतात. लाईट गेलेली असताना इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, लॅपटॉपच्या बॅटरीवर करा.

तिरकिट

मी तबला वाजवतो, निगडीला असतो. ताई, व्हिडिओवाले सांगतील मेट्रोनोम लावा, कानात क्लिक द्या. अजिबात नको. भजनी ठेक्याची लय हळूहळू चढते, ती चूक नाही, तोच तर भजनाचा प्राण आहे. काकांना क्लिकवर बांधलंत तर गाणं मरेल. जे आहे ते एकत्र, सलग घ्या. टाळ वाजवायला कोणी असेल तर त्याला खोलीच्या दाराबाहेर बसवा, मी चेष्टा नाही करत, टाळाचा टोला इतका तीक्ष्ण असतो की मीटरवरचे सगळे आकडे हिरव्यात दिसत असतानाच लाल होऊन फाटतो.

माझ्याकडे श्युअरचाच एक एसएम५७ माईक पडून आहे, पेटीला चालेल. आठवडाभर घेऊन जा.

जर्सीकर

अमेरिकेत एडिसनहून. इथून कोणाकडून काही मागवणार असाल तर एक लक्षात ठेवा, यूएसबीवर चालणारा इंटरफेस किंवा माईक आणला तर काही प्रश्न नाही, पण वीजवाले स्पीकर आणू नका, इथली वीज १२० व्होल्टची. माझ्या चुलतभावाने हौसेने स्पीकरची जोडी नेली, घरी २३० ला लावली, पहिल्या मिनिटात धूर. मागे व्होल्टेजचा खटका असतो काहींना, पण तो बघतो कोण.

दुपारचा_पाऊस

सगळ्यांचे मनापासून आभार, तिरकिट दादा तुम्हाला निरोप पाठवलाय. दोन शंका. एक म्हणजे बाबांना हेडफोन घालायचा का, कारण काल ओळखीच्या एकाचं सगळं सामान आणून बघितलं तर बाबा म्हणाले माझाच आवाज मागून कोणीतरी म्हणतंय. आणि सॉफ्टवेअर कुठलं?

खर्जातला

बाबांना हेडफोन घालूच नका. पेटी समोर आहे, गळा त्यांचा, ऐकायला यंत्र कशाला मधे?

पण मागून म्हणणारा कोण ते सांगतो, पुढे तुम्हालाच उपयोगी पडेल. कॉम्प्युटर आवाज सुटा सुटा न घेता घमेल्याने घेतो, सेटिंगमध्ये त्याला बफर म्हणतात. घमेलं ५१२ नमुन्यांचं असेल तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने ते भरायला जवळपास १२ मिलिसेकंद, परत कानात पाठवायला आणखी तेवढेच आणि वर थोडे. म्हणजे आठ मीटर लांब उभं राहून कोणी तुमची नक्कल करतंय असं वाटतं. घमेलं १२८ चं केलं की एका बाजूला तीनेक मिलिसेकंद, चालून जातं, पण लॅपटॉप जुना असेल तर टकटक येते. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाका. नाहीतर सरळ इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं ते दाबा, मग आवाज कॉम्प्युटरमधून फिरून येतच नाही.

सॉफ्टवेअर रीपर घ्या. ६० दिवस पूर्ण फुकट वापरता येतं, मग घरगुती वापराचा परवाना ६० डॉलर. तेही नको असेल तर ऑडॅसिटी फुकट आहे आणि दोन माईकना पुरेसं आहे. सेटिंग २४ बिट, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, त्याच्यावर जाऊ नका. बाबांना त्यांची सगळ्यात चढी तान घ्यायला सांगा आणि तेव्हा मीटरवरचा आकडा उणे १२ डीबीच्या आसपास जाईल एवढाच गेन (माईकचा आवाज वाढवायचं बटण) ठेवा. लोक आकडा शून्याला भिडवायला बघतात, ते कॅसेटच्या काळातलं, तेव्हा फितीची सूंसूं झाकायची असायची. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते. फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही.

माईक कसे ठेवायचे: गळ्याचा माईक पेटीच्या वर, हनुवटीच्या खाली, तोंडाकडे वर बघणारा, वीतभर अंतरावर. असं केलं की माईकची पाठ पेटीकडे होते आणि या माईकना पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. पेटीचा माईक भात्याकडून नाही, वरून, वरच्या सप्तकाच्या टोकाकडून फूटभर उंच, खाली बघणारा. आवाज वरच्या जाळीतून येतो, भात्याकडून नुसती हवा आणि कुरकुर. दोन्ही एकदम चालू करून ऐका, आवाज पोकळ पातळ वाटला तर पेटीचा माईक चार बोटं इकडेतिकडे सरकवा.

अनुस्वार

आणि पंखा बंद! त्यामुळे पहाटे करा. मे महिन्यात करू नका, मी केलंय.

दुपारचा_पाऊस

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, उशिराबद्दल सॉरी.

वापरलेला दोन इनपुटवाला इंटरफेस ६,००० ला मिळाला, एक्सएम८५०० २,३००, हेडफोन ४,८००, दोन स्टँड २,६००, दोन केबल १,३००, पॉप फिल्टर ३५०. एसएम५७ तिरकिट दादांचा, उसना. झाले १७,३५०. पहिल्या दिवशी सगळं लावलं आणि वायरमन म्हणाले तसा घूंऽऽ आला, चार्जर काढला, बंद. त्या सॉकेटमागे अर्थची वायर खरंच नव्हती, बिल्डिंग १९९८ ची आहे, तेव्हापासून नसणार.

आणि मग जे ऐकू आलं त्याची कोणीच कल्पना दिली नव्हती. पेटी! भाता दाबला की दर वेळी कर्र, आणि मध्य सप्तकातल्या एका पट्टीचा टकटक आवाज. इतकी वर्षं घरात कोणाला ऐकू आला नाही, कारण पेटी वाजली की आम्ही बाबांचं गाणंच ऐकत होतो. माईकला काय, त्याला दोन्ही सारखं. एक दिवस मी सॉफ्टवेअरमध्ये ते पुसायच्या मागे लागले, कर्र गेलं पण सूरही बोथट झाले. शेवटी गुपचूप पेटी दुरुस्तीला दिली, दीड हजार लागले, भात्याची पट्टी बदलली, पट्ट्यांखालचं नमदं नवं घातलं, सुरांमधली धूळ काढली. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त वसूल झालेले पैसे म्हणजे ते दीड हजार. एकूण १८,८५०. बाबा आधी चिडले होते पेटी न विचारता दिली म्हणून, परत आल्यावर दोन तास उठले नाहीत.

पहाटे साडेचारला बसतो. फ्रिज बंद करतो, आणि विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते, ती घ्यायला उघडला की आठवतं. पावणेसहाला खाली दुधाची गाडी येते, त्याच्या आत दोन-तीन चीजा होतात. आत्तापर्यंत अकरा झाल्यात. एका गौळणीत शेवटून दुसऱ्या ओळीला बाबांना खोकला आला, मी म्हटलं तेवढं परत घेऊन जोडते, तर म्हणाले राहू दे, खोकला काय मी चोरून आणलाय?

तिरकिट

खोकला ठेवाच. एसएम५७ अजून महिनाभर ठेवा, घाई नाही, एक दिवस पहाटे मलाच बोलवा.

वायरमन

अर्थिंग करून घेतलंत का ते आधी सांगा.

दुपारचा_पाऊस

हो दादा, दोन सॉकेटना झालं, बाकीची पुढच्या महिन्यात.

खर्जातला

मूळ फायली वेव्हमध्येच (दाबून लहान न केलेल्या) ठेवा, एमपीथ्री फक्त वाटायला. दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी, आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. फायलीच्या नावात चीज, पट्टी आणि तारीख घाला, "नवीन फायनल २" असलं नको. आणि प्रत्येक चीज सुरू व्हायच्या आधी बाबांना दोन वाक्यं बोलू द्या, चाल कोणाकडून आली, कुठे शिकले, मंडळात कधी म्हणायचे. हे लिहून ठेवलेलं कुठेच नाही म्हणालात ना.

तुम्ही निरोपात पाठवलेली भैरवी ऐकली. बाबा काय म्हणाले ऐकून?

दुपारचा_पाऊस

हेडफोन घालून डोळे मिटून पूर्ण ऐकली. मग म्हणाले, "पेटी जरा पुढे बसलीये. मी मागे बसलोय."

खर्जातला

बरोबर आहे त्यांचं. पेटी दीड डीबी खाली घ्या आणि परत ऐकवा.